बोलक्या हातांचं घर

मी आजोळी वाढले असं सांगितलं की समोरचा माणूस हमखास ‘अरेरे!’ म्हणतो. मग त्या ‘अरेरे’चं उत्तर म्हणून मला एक किस्सा सांगावा लागतो. एकानं भागत नाही, म्हणून दुसरा. तो संपतोय तोवर तिसरा आठवतो. लोक इतकी वर्षं हळहळताहेत आणि माझ्याकडे किश्शांचा ढीग साठत चाललाय!

आधी माणसं सांगते. सोलापुरात साखर पेठेतल्या बोळात दोन खोल्यांचं घर. घरात अज्जा, म्हणजे माझ्या आईचा बाप. आमच्यात अज्जाला अरे-तुरेच करतात, तेव्हा नाक मुरडू नका. उभा जन्म मिलमध्ये मागावर काढून तो नुकताच घरी बसला होता. दुसरी अज्जी. तिचा राग कानडीत आणि लाड मराठीत, त्यामुळे तोंड उघडल्याबरोबर हवामान कळायचं.

मी दोन वर्षांची असताना आई गेली. वडील, म्हणजे आमचे अण्णा, कुर्डुवाडीला रेल्वेत. पाळ्यांची नोकरी. पोरीला सांभाळणार कोण? अज्जीनं मला कडेवर घेतलं, ते घेतलंच. बहात्तरच्या दुष्काळात केम गावाहून माझा मावसभाऊ राजू आला. ‘पाऊस पडेपर्यंत’ म्हणून आला होता. पाऊस पडला, पिकं आली, राजू काही परत गेला नाही!

*

मिलमध्ये माग सुरू झाले की शेजाऱ्याच्या कानात ओरडलं तरी ऐकू जात नाही. म्हणून तिथली माणसं हातांनी बोलायची. अज्जा रिटायर झाला, पण ती भाषा घरी घेऊन आला. कान अर्धे गेलेच होते. मग आम्हीही हातांनीच बोलायला लागलो. पाणी आण, जेवायला चल, पाहुणे कंटाळवाणे आहेत, सगळ्याला खुणा!

सगळ्यांत मोठी खूण एकच. दोन मुठी एकमेकींना चिकटवायच्या आणि झटकन अलग करायच्या. धागा तुटला! मिलमध्ये ही खूण ज्याला दिसेल त्यानं आधी माग थांबवायचा, का ते मग विचारायचं. घरातही तोच कायदा. एकदा राजू बोळातून रस्त्याकडे धूम पळत सुटला होता, रस्त्यावरून टांगा. पलीकडून अज्जानं मुठी फोडल्या आणि राजू जागच्या जागी खांब! टांगा नाकासमोरून गेला. हाक मारून थांबला असता का? नाव नको.

धागा जोडला, हे सांगायचं तर अंगठा आणि पहिलं बोट एकमेकांवर पिळायचं. मग तळहात पुढे ढकलायचा, म्हणजे माग सोडा, काम चालू.

समोर नवीन बिऱ्हाड आलं. त्या बाईंनी दोन दिवस खिडकीतून आमचे हातवारे पाहिले आणि तिसऱ्या दिवशी डोळ्याला पदर लावूनच आल्या. अज्जीचा हात हातात घेतला. “काय ही देवाची करणी! चौघंही?”

अख्ख्या पेठेत अज्जीइतका मोठा आवाज कुणाचा नव्हता. ती गरजली, “च्या घेनार का नुसतंच रडनार?”

बाई उंबऱ्याला अडखळून पडता पडता वाचल्या!

*

घड्याळ आमच्याकडे नव्हतं. मिलचा भोंगा झाला की उठायचं, दुसरा झाला की शाळेला निघायचं. एके दिवशी मिलमध्ये संप झाला. भोंगा नाही! अख्खा बोळ घोरतोय. आम्ही दोघं शाळेत पोचलो तेव्हा प्रार्थना संपून पहिला तास चालू असणार, अशी खात्रीच होती.

वर्गाच्या दारात बाई उभ्या. “उशीर का?”

राजू माझ्यामागे लपून म्हणाला, “भोंगा झाला न्हाय, बाई.”

आता छडी, असं वाटलं. पण बाईंच्या खांद्याला अजून पर्स होती, कपाळावर घाम होता. त्याही आत्ताच आल्या होत्या! त्यांचा सासरा अज्जाच्याच खात्यातला.

“बसा खाली,” बाई म्हणाल्या. “आणि बाहेर बोलू नका.”

*

मधल्या सुट्टीआधी अज्जा डबा घेऊन यायचा आणि वर्गाच्या खिडकीत उभा राहायचा. एकदा बाईंनी मला उभं केलं. “आठ साते?”

मी खिडकीकडे पाहिलं. अज्जानं लगेच बोटं दाखवली. आधी पाच, मग चार. मी ठणकावून सांगितलं, “चोपन्न!”

वर्ग खो खो हसला. बाईंनी मला दोन्ही हात वर करून कोपऱ्यात उभं केलं. तेवढ्यात अज्जानं दाराबाहेर चपला काढल्या, टोपी सारखी केली, आत आला आणि माझ्या शेजारी दोन्ही हात वर करून उभा राहिला.

बाई गडबडल्या. “आजोबा, हे काय?”

“उत्तर माजं हुतं, बाई. पोरगीनं नुसतं वाचलं.”

“अहो, जा तुम्ही घरी.”

“न्हाय. शिक्षा आर्दी आर्दी.”

घंटा होईपर्यंत तो हलला नाही. रात्री जेवताना राजूनं सांगितलं, “अज्जा, छप्पन व्हतं ते.” अज्जी भाकरी थापता थापता म्हणाली, “तरीच मी म्हंते, मिलला तोटा कशानं हुतोय!”

*

गड्ड्याच्या जत्रेत अज्जी मला आणि राजूला दोन हातांना धरून फिरवायची. एका बांगड्यावालीनं विचारलं, “पोरगी कुणाची, आज्जी?”

“माजी.”

“आनि ह्यो?”

“ह्यो बी माजाच.”

त्या बाईनं अज्जीच्या पांढऱ्या केसांकडे पाहिलं, राजूच्या पडलेल्या दातांकडे पाहिलं. “ह्या वयात?”

“व्हय की!” अज्जी म्हणाली. “बारशाला तुमाला बोलवायचं राह्यलं बगा.”

तेव्हा आम्ही पोट धरून हसलो होतो. पण आता सांगते, त्या ‘माजी’ शब्दावर मी आजपर्यंत उभी आहे. आई नव्हती, हे खरं. आईपण मात्र त्या दोन म्हाताऱ्यांनी वाटून घेतलं होतं, आणि कुणीच आपला वाटा कमी केला नाही.

*

अज्जीची बोटं थंडीत आखडायची, म्हणून माझी वेणी अज्जा घालायचा. विणकराची वेणी! सोमवारी घातली की गुरुवारपर्यंत एक केस हलायचा नाही. शेवटी अशी गाठ मारायचा की अज्जीला ती सुईनं सोडवावी लागे. आमच्या वर्गातल्या मुली सकाळी ओट्यावर येऊन बसायला लागल्या. अज्जा एकेकीचं डोकं धरून म्हणायचा, “ताना सरळ ठेव, मान हलवू नको!” ताना म्हणजे मागावरचे उभे धागे, इथे आमचे केस!

अण्णा सुट्टी मिळाली की कुर्डुवाडीहून यायचे. येताना केळी आणायचे आणि जाताना न चुकता म्हणायचे, “क्वार्टर मिळू दे, मग सुमीला घेऊन जातो.” त्या दिवशी अज्जी भाजीत मीठ विसरायची आणि अज्जा ती अळणी भाजी मुकाट्यानं खायचा. मी अण्णांजवळ जायचीच नाही. माणूस वाईट नव्हता हो, पण मला तो केळी आणणारा पाहुणा वाटायचा.

आमचे हातवारे त्यांना अजिबात खपायचे नाहीत, बघायचे मात्र टक लावून. “काय हे माकडचाळे! उद्या माझ्या घरी येऊन ही अशीच बोलेल.”

एका रविवारी ते म्हणाले, “आज सुमीची वेणी मी घालतो.” बराच वेळ झटले. वेणी कुठे जाड, कुठे बारीक, मध्येच बट सुटलेली. त्यांच्या पाठीमागून अज्जानं अज्जीला खूण केली. कच्चा माल!

अण्णा वळले. “काय म्हणताहेत मामा?”

अज्जीनं डोळासुद्धा लवू दिला नाही. “झ्याक जमली म्हंतायत.”

अण्णांनी मान डोलावली आणि केळं सोलून माझ्या हातात दिलं.

*

आणि मग क्वार्टर मिळाली. अण्णांची विधवा बहीणही त्यांच्याकडे राहायला आली, म्हणजे आता घरात बाईमाणूसही होतं. नाही म्हणायला कुणाला जागाच उरली नाही. चौथीची परीक्षा संपली आणि अण्णा मला न्यायला आले.

राजू सकाळीच कुठेतरी नाहीसा झाला. अज्जीनं शेंगाचटणीचा डबा ट्रंकेत ठेवला, “माजे गुडघे दुकतेत” म्हणाली आणि आतल्या खोलीत गेली. स्टेशनवर आला तो एकटा अज्जा. वाटभर दोन्ही हात त्यानं कोटाच्या खिशात कोंबले होते.

मी खिडकीशी बसले, अण्णा शेजारी. शिट्टी झाली. गाडीनं हिसका दिला आणि हलली. अज्जा दोन पावलं खिडकीबरोबर चालला, मग थांबला. त्याचे हात खिशातून बाहेर आले, मुठी एकमेकींना चिकटल्या आणि झटकन सुटल्या.

धागा तुटला!

मी विचार केला नाही. आधी थांबवायचं, हाच कायदा. ट्रंकेवर चढले आणि लाल साखळी धरून लोंबकळले!

गाडी किंचाळत थांबली. आमचा डबा अजून फलाटालाच होता. गार्ड धावत आला. “चेन कुणी ओढली?”

“मी.”

“का?”

“धागा तुटला.”

गार्डनं अण्णांकडे पाहिलं. अण्णा कानापर्यंत लाल! रेल्वेचा माणूस, आणि त्याच्याच पोरीनं त्याच्याच लाइनवर गाडी उभी केलेली.

तेवढ्यात अज्जा धापा टाकत दारापाशी पोचला. त्यानं फलाटावर चपला काढल्या आणि दोन्ही हात वर केले. “साहेब, चूक माजी हाय. पोरगीनं नुसतं वाचलं.”

“काय वाचलं? कुठं वाचलं?” गार्ड ओरडला. अज्जा हात काही खाली घेईना. डब्यातली माणसं माना काढून बघत होती.

अण्णा उठले. “दंड माझ्या नावावर लावा,” ते गार्डला म्हणाले. मग त्यांनी ट्रंक उचलली आणि फलाटावर ठेवली. परत आले, मला उचललं, ट्रंकेशेजारी उभं केलं. माझी सुटलेली बट कानामागे सारली. आणि डब्यात चढले.

गार्ड निशाण हलवत मागे गेला. शिट्टी झाली. अण्णा दारात दांडा धरून उभे होते. अज्जाचे हात तसेच वर.

गाडी हलली तसा अण्णांनी मोकळा हात पुढे केला. अंगठा आणि पहिलं बोट एकमेकांवर पिळलं. मग तळहात सावकाश पुढे ढकलला.

गाडी दिसेनाशी झाली, तेव्हा कुठे अज्जानं हात खाली घेतले.

“पीळ उलटा दिला,” तो म्हणाला, “पन गाठ बसली.”