तीन नंबरचा जबाब

मी हवालदार रफिक सय्यद, निवृत्त, राहणार केडगाव. सतरा वर्षं पायदळात काढली, त्यातली बारा पाठीवर वायरलेस सेट घेऊन. काश्मीरमधल्या आमच्या कंपनीत नगर जिल्ह्याचे आम्ही सहा जण होतो. वायरलेसचा नियम साधा असतो. कंट्रोल एकेका नंबरला हाक मारतो, प्रत्येकानं जबाब द्यायचा. जो जबाब देणार नाही, त्याच्याकडे ताबडतोब माणूस धाडायचा. आमच्या कंपनीचा कंट्रोल मी होतो.

श्रीरामपूरचा नाईक सॅम्युअल साळवे आमच्यात सगळ्यांत आधी घरी जाणार होता. दोन महिने उरले होते. ऑपरेशनच्या आदल्या संध्याकाळी त्यानं वहीत आमची सहा नावं लिहिली आणि पुढे नंबर घातले. स्वतःला तीन घेतला, कारण वायरलेसवर त्याचा नंबर तोच होता.

"पेन्शन झाली की जो तो एकटाच कामासाठी हिंडतो, अन् शेवटी कुनाच्या तरी गेटवर उभा राहतो," तो म्हणाला. "आपन तसं करायचं न्हाई. दर रविवारी सकाळी सातला फोन. कुनाला काय येतंय, कुनाच्या वळखीचं कोन हाय, सगळं बोलायचं. मी पुढं जातो, तुमची सोय बघून ठेवतो."

"मला कुणाची ओळख लागत नाही," मी म्हणालो.

"रफिकभाई, तुमी लई ताठ. घरी भाकर मागायला बी वायरलेस लावताल."

सगळे हसले. मला राग आला होता.

दुसऱ्या दिवशी पहाटे साडेचारला मी सेट तपासले. साळवेच्या सेटला नवी बॅटरी माझ्या हातानं घातली. पाच चाळीसला गावाच्या टोकाच्या एका घराला वेढा पडला. घरामागच्या नाल्यात साळवे आणि त्याचा जोडीदार, आमच्या सहांपैकीच अकोले तालुक्यातला शिपाई लहू भांगरे. सहा पंचवीसला घरातून ग्रेनेड आला. माझ्यापुढच्या जवानाचा जबडा फुटला. तो तोंडाला हात लावून बोटांत काय येतंय ते बघत होता. एक अतिरेकी खिडकीतून उडी मारून माझ्यासमोर पंधरा पावलांवर आला. मी गोळ्या झाडल्या. तो गुडघ्यांवर बसला आणि पुन्हा रायफल उचलू लागला. मी पुन्हा झाडल्या. दुसरा मागच्या बाजूला पळाला. सहा सदतीसला नाल्यात फायरिंग झालं आणि एकदम थांबलं.

"तीन नंबर, रिपोर्ट, ओव्हर."

जबाब नाही. मेजरसाहेबांनी माझ्याकडे बघितलं.

"बॅटरी गेली असेल, साहेब," मी म्हणालो.

ती बॅटरी मीच दोन तासांपूर्वी घातली होती. पण साळवेला काही झालं असेल हे मला मनातसुद्धा आणायचं नव्हतं. मी नुसता हाका मारत राहिलो. अकरा मिनिटं.

सहा अठ्ठेचाळीसला मी नाल्यात पोचलो. अतिरेकी पालथा पडला होता, डोकं पाण्यात. सेटच्या चिंधड्या झाल्या होत्या. साळवेच्या मांडीत गोळी होती, आणि लहूनं दोन्ही मुठी जखमेत दाबून धरल्या होत्या. हात काढला की रक्त उसळायचं, म्हणून त्याला मदत आणायला जाता आलं नाही. ओरडून त्याचा आवाज बसला होता. साळवे गेला होता. डॉक्टर म्हणाले, दहा मिनिटं आधी आणला असता तर वाचला असता.

निवृत्तीनंतर आठ महिने मी घरात बसून होतो आणि बायकोवर ओरडत होतो. एका रविवारी सकाळी सातला फोन आला. साळवेची बायको, मार्था. ती शाळेत शिकवते. सामानाबरोबर ती वही तिच्याकडे आली होती.

"दादा, वहीत तुमचा नंबर एक आहे. यापुढे हाक मी मारीन. जबाब देत जा."

तिचा भाऊ सोलर पंप बसवतो. मी त्याच्या हाताखाली शिकलो. वर्षभरानं स्वतःची कामं घेऊ लागलो. दर रविवारी मार्था सगळ्यांना एका फोनवर घेते. तीन नंबरलाही हाक मारते. आम्ही थोडा वेळ गप्प राहतो, मग ती चार म्हणते.

गेल्या वर्षी एका रविवारी पाच नंबरचा, म्हणजे लहूचा, जबाब आला नाही.

"डोंगरात रेंज नसंल," कुणीतरी म्हणालं.

मी मोटरसायकल काढली. दहाला त्याच्या घरी पोचलो. लहू जमिनीवर बसला होता, गार्डच्या नोकरीसाठी घेतलेली बारा बोअरची बंदूक छातीला टेकवून.

"फुडं येऊ नगा."

"फोन का उचलला नाहीस?"

"काय सांगू? तिसऱ्या गेटवरून काढलं. सुपरवायझरनं मुस्काटात दिली, मी त्याचं नाक फोडलं. ह्या हातांनी साळवे दादा वाचला न्हाई, आन् आता गेट बी उघडता येत न्हाई."

"तुझे हात कमी पडले नाहीत," मी म्हणालो, आणि बॅटरीची गोष्ट सांगितली. तोवर मी ती कुणालाच सांगितली नव्हती.

त्यानं बंदूक माझ्याकडे फिरवली. मी नळी धरून वर ढकलली. बार उडाला, पत्र्याला भोक पडलं, माझा तळवा भाजला. त्यानं मला तोंडावर मारलं, दात पडला. मीही मारलं. मग दोघंही रक्तबंबाळ होऊन खाली बसलो आणि रडलो.

मी त्याला घेऊन निघालो. वाट वाकडी करून श्रीरामपूरला थांबलो, मार्थाला बॅटरीचं सांगितलं. ती आत गेली. बऱ्याच वेळानं पाणी घेऊन आली.

"रविवारी फोन उचला," एवढंच म्हणाली.

दोन नंबरवाल्यानं अकोल्यात पोलीस भरतीची तयारी करून घेणारं एक मैदान शोधलं. लहू आता तिथं पोरापोरींना पळवतो. पण तिथं लागण्याआधीच्या रविवारी तो माझ्या घरी, माझ्या शेजारी बसला होता.

"तीन नंबर, रिपोर्ट," मार्था म्हणाली.

लहूनं माझा फोन ओढून घेतला.

"तीन नंबर. साळवे दादाच्या मांडीत गोळी हाय. रगत थांबंना. मानूस धाडा, ओव्हर."

हा जबाब मीच द्यायचा होता.

"मिळालं, तीन नंबर," मी म्हणालो. "मी निघालो."

मार्थानं हुंदका आवरला, तो आम्हा सगळ्यांना ऐकू आला. मग तिनं चार नंबरला हाक मारली.