शालन कळसूबाईला गेली

शालन बनसोडेला काम तोंडानं सांगावं लागत नसे. नुसतं तिच्याकडं बघितलं की ती उठायची. सोलापुरातल्या एका खाजगी दवाखान्यात ती आया होती. दिवसभर पेशंटची कूस बदलायची, बेडपॅन उचलायचं, चादरी काढायच्या, आणि संध्याकाळी घरी जाऊन पुन्हा तेच. नवरा यशवंत अर्धांगवायूनं अंथरुणाला खिळलेला. यंत्रमागावर उभं राहून जन्म काढलेला माणूस, पण शेवटची सहा-सात वर्षं आडवाच होता. गेल्या उन्हाळ्यात तो गेला. शेजारच्या बाया म्हणाल्या, "सुटला बिचारा." शालनही सुटली, असं त्या माघारी म्हणाल्या. पण शालनला काही सुटल्यासारखं वाटलं नाही. थकवा जिथल्या तिथंच होता. मुरलेला.

दिवाळीनंतर दवाखान्यातल्या मंडळींनी कळसूबाईला जायचं ठरवलं. पुढारी लॅबमधला सतीश.

"मावशी, तुमी बी चला की."

"मला कुटं जमतंय रं? गुडघं बघ माझं."

पण पुण्याला नोकरी करणारी लेक दीक्षा फोनवर हटूनच बसली. "आई, एक दिवस जा. कुणाचं काही करायचं नाही. नुसतं फिरायचं." शालनला ते पटलं नव्हतं, पण लेकीशी वाद घालण्याइतकंही त्राण नव्हतं. तिनं दीक्षाचे जुने बूट पायात चढवले आणि गाडीत बसली.

रात्रभराच्या प्रवासानं अंग आंबून गेलेलं. उजाडता उजाडता डोंगराच्या पायथ्याला बारी गावात उतरले, तर तिथं जत्रेसारखी गर्दी. पोरंपोरी फोटो काढत, ओरडत वर निघालेली. शालननं पदर खोचला आणि मान खाली घालून चालायला लागली. लिंबूसरबताची टपरी आली की बसायची. पाय ऐकत नव्हते. हेड नर्स सिद्धेश्वरी अक्कलकोटकडची, वयानं शालनएवढीच. ती मागं थांबून म्हणायची, "निधान, शालन, निधान." कानडीत सावकाश. सावकाश सोडून दुसरं काही शालनला येतच नव्हतं.

दुसरी लोखंडी शिडी ओलांडल्यावर भुसभुशीत मुरमावरून ऋतुजाचा पाय घसरला. ही ऋतुजा वॉर्डातली नवी नर्स, हसरी पोर. घोटा मुरगळून टम्म सुजला. तिला उचलून जवळच्या चहाच्या झोपडीत बसवलं. हाड मोडलेलं नव्हतं, पण वर जाणं शक्य नव्हतं. तिच्याजवळ कुणीतरी थांबायला हवं होतं.

सगळे शालनकडं बघायला लागले.

शालन तोवर खाली बसलीही होती. पोरीचा पाय तिच्या मांडीवर होता आणि हात सवयीनं घोट्याभोवती ओला रुमाल गुंडाळत होते.

"मावशी, तुमी बसताव का हिच्यापशी?" सतीश म्हणाला. "तसंबी तुमाला वर जमायचं न्हाय."

शालननं वर बघितलं. माथा ढगात होता, दिसत नव्हता. तिला राग आला नाही. रागाला लागणारं बळही नव्हतं. तिनं रुमालाची गाठ मारली, पोरीचा पाय हळूच पिशवीवर टेकवला आणि गुडघ्यावर हात देऊन उभी राहिली.

"न्हाय. मी वर चाललेय."

"मावशी!" ऋतुजाचा चेहरा पडला. "माझ्याजवळ कोण मग?"

"एवढी माणसं हायत की, बाई."

सतीशचं तोंड वाकडं झालं. पण तो आधी दोनदा वर जाऊन आलेला, आणि सगळ्यांना घेऊनही तोच आलेला. शेवटी पाय आपटत तोच बसला.

शेवटच्या शिडीवर शालन लोखंडाला धरून उभी राहिली. यशवंतनं एकदा विचारलं होतं. जीभ जड झालेली, अर्धेच शब्द फुटायचे. "तू थकत न्हाईस का गं?" तिनं त्याच्या तोंडाला वाटी लावत म्हटलं होतं, "न्हाय. मला काय हुतंय?" त्याला बरं वाटावं म्हणून. मग सगळ्यांना तेच सांगत आली.

वर देवीचं लहानसं देऊळ, बोचरा वारा आणि चहूकडं ढग. खालची धरणं, डोंगररांगा, काही म्हणजे काही दिसलं नाही. शालन देवळाच्या आडोशाला बसली. सिद्धेश्वरीनं पाण्याची बाटली पुढं केली.

"दमलीस?"

"व्हय," शालन म्हणाली. "लई दमले, सिस्टर. लई."

आणि ती रडायला लागली. सिद्धेश्वरी तिच्या शेजारी टेकली.

उतरताना गुडघे बोलायला लागले. परतीच्या वाटेत सतीश तिच्याशी एक शब्द बोलला नाही. ऋतुजाचा घोटा आठवड्याभरात बरा झाला, पण मावशी मावशी करत मागं फिरणं तिनं सोडलं. शालनला ते लागलं. तरी माफी मागावी असं तिला वाटलं नाही.

महिन्याभरानं एका पेशंटचा मुलगा आला. वडलांना घरी नेलं होतं, रोज संध्याकाळी त्यांचं करायला बाई हवी होती. "मावशी, तुमच्याशिवाय कुणावर भरवसा न्हाय."

"दुसरं कोण तरी बघा," शालन म्हणाली. "मला जमायचं न्हाय."

डबा घेऊन ती बाहेर पडली. रिक्षात बसली आणि घर येईपर्यंत डोळे मिटून घेतले.