हरभरा झिंगला तेव्हा

कृष्णकांत गुरुजींनी चांगुलपणाच केला होता, तोच नडला.

नालवाडीत त्यांच्या भिंतीला भिंत लागून आनंदाबाईंचं घर. बाई मोड आलेला हरभरा, मटकी, बरबटी म्हणजे चवळी, टोपलीत घेऊन दारोदार विकतात. देवळीला लेकीकडे दोन दिवस जायला निघाल्या तेव्हा म्हणाल्या, "गुरुजी, हरबरा भिजवून फडक्यात बांधला हाये. सांजसकाळ पाणी तेवढं शिपडजा. आमच्या बुढ्याले सांगतलं तं तो सोताच्याच डोक्यावर शिपडन."

बुढा म्हणजे नत्थू, बाईंचा नवरा.

बाईंची एसटी सुटली न सुटली तोच गुरुजींना गाठोड्याभोवती मुंग्यांची रांग दिसली. शाळेत जन्मभर जीवशास्त्र शिकवलेला माणूस. स्वच्छतेच्या बाबतीत हयगय नाही. त्यांनी सगळा ओला हरभरा आपल्या नव्याकोऱ्या निळ्या ड्रममध्ये ओतला. झाकणाला रबरी कडं, वरून आवळायला लोखंडी पट्टी. 'एकदम हवाबंद,' दुकानदार म्हणाला होता. ड्रम बाईंच्या ओसरीत ठेवून गुरुजींनी फडकंसुद्धा धुऊन वाळत घातलं. आता पाणी शिंपडायचीही कटकट नव्हती. वर मे महिन्याचं ऊन होतंच.

बाई परतल्या त्या सकाळी गुरुजी शाबासकी घ्यायला मुद्दाम ओसरीत येऊन उभे राहिले. बाईंनी पट्टी ओढली मात्र, झाकण फाट्‌दिशी उडालं, छपराच्या टिनावर आपटलं आणि तुळशीत जाऊन पडलं.

मग वास आला.

वर्धा जिल्ह्यात दारूबंदी आहे. तेव्हा तो वास कुणाला ठाऊक असायचं काही कारण नव्हतं. पण अख्ख्या गल्लीनं तो पहिल्याच झुळकेला ओळखला.

आणि हे कुणाच्या ओसरीत, तर आनंदाबाईंच्या! एके काळी नत्थूभाऊ संध्याकाळी घरी यायचे ते भिंतीला विचारत विचारत. एक दिवस बाईंनी त्यांच्या बाटल्या चौकात नेऊन मुसळानं फोडल्या, वळकटी रस्त्यावर फेकली आणि सांगितलं, "पुन्हा वास आला तं ह्या घरचा उंबरा तुले बंद." नत्थूभाऊंनी त्या दिवसापासून थेंबाला हात लावला नाही. बाईंना मात्र हुरूप चढला. बायका जमवून त्यांनी नाल्याकाठच्या भट्ट्या पालथ्या केल्या, महिला मंडळाच्या अध्यक्ष झाल्या. त्यांच्या नाकाची कीर्ती अशी, की लग्नाच्या पंगतीत भले भले पुरुष त्यांच्यासमोरून श्वास रोखून जातात.

ते नाक आता ड्रमवर झुकलं होतं. बाई हळूच वळल्या आणि बाजेवर दातण चावत बसलेल्या नत्थूभाऊंकडे पाहत राहिल्या.

"मायच्यान, मी नाई वो!" नत्थूभाऊंच्या तोंडातलं दातण गळून पडलं.

"मी दोन दिवस काय गेली, अन् तू घरात भट्टी लावून राह्यला?"

तेवढ्यात मंडळाच्या उपाध्यक्ष प्रमिलाबाई नाकाला पदर लावून दारात उगवल्या. "बाई! तुमच्याच घरी?"

या तीन शब्दांनी बाईंचा चेहरा राखेसारखा झाला. त्यांनी बाजेवरची वळकटी उचलली आणि मागच्यासारखीच रस्त्यावर भिरकावली. नत्थूभाऊ उठले. चपला शोधू लागले.

ते चपला शोधणं गुरुजींनी पाहिलं, मग तुळशीत पडलेल्या झाकणाकडे पाहिलं. पूर्ण पाठ आठवला त्यांना! वर्षानुवर्षं फळ्यावर आकृती काढून शिकवलेला 'श्वसन' हा पाठ, झाकण उडाल्यावर आठवला.

"थांबा नत्थूभाऊ! बाई, मी केलंय हे. मीच हरभरा ड्रममध्ये कोंडला."

"कोंडला तं दारू कशी होईन?" प्रमिलाबाई म्हणाल्या. "मी रोज डब्यात डाळ कोंडते."

"डाळ मेलेली असते हो. हा भिजलेला दाणा जिता. कणाकणानं, म्हणजे पेशी-पेशीनं श्वास घेतो. प्रत्येक पेशी एक चूल समजा. साखर हे सरपण. हवा मिळाली तर साखर पुरती जळते, ज्वाळेशिवाय, हळूहळू. त्या शक्तीवरच तर मोड बाहेर येतो. हवा बंद केली तरी पेशी लगेच मरत नाही. बिनहवेची चूल पेटवते. पण साखर अर्धवटच जळते, शक्ती चिमूटभर मिळते आणि मागे उरतो गॅस... आणि, काय सांगू, दारू. झाकण उडवलं ते त्या गॅसनं."

हरभऱ्यासारखा सोज्वळ दाणा असा निघावा! प्रमिलाबाईंनी पदर नाकावरून छातीवर आणला. "मंग आपल्या आंगातबी पेशी हायेत नं, गुरुजी? कोंडलं तं आपल्यातबी...?"

"नाही नाही! धाप लागेस्तोवर पळालो तर आपल्या स्नायूंना हवा कमी पडते, पण तिथं एक आम्ल तयार होतं. दारू नाही."

"अरेरे," नत्थूभाऊ म्हणाले, आणि बाईंनी पाहताच घाईघाईनं चपला घालू लागले.

बाई ओसरीतून उतरल्या. रस्त्यावर जाऊन वळकटी उचलली, धूळ झटकली, बाजेवर नीट अंथरली. आत जाऊन नवऱ्यासाठी चहाचं आधण ठेवलं. बाहेर येऊन प्रमिलाबाईंना म्हणाल्या, "ऐकलं नं? आता हेच चौकात सांगजा."

मग त्यांनी ड्रम उचलला आणि परसातल्या खड्ड्यात पालथा केला. गुरुजी हात चोळत मागोमाग गेले.

"तसं पाहिलं तर चूक कुणाचीच नाही, बाई," ते म्हणाले. "हवाच मिळाली नाही, म्हणून बिचारा दाणा दारूकडे वळला."

"दाना वळला नाई, गुरुजी, तुमी पाजली."