काकूंची ठिसूळ हाडं

"पाळी गेली की हाडं राखणारं हार्मोन कमी होतं, जड उचलू नका," असं डॉक्टरांनी सांगितल्यापासून कोल्हारच्या आमच्या शेजारीण काकू बसल्या जागेवरून घर चालवतात. काकांनी चहा मागितला की म्हणतात, "आवो, माज्यात हार्मोन न्हाई ऱ्हायलं. तुमीच ठेवा." पाण्याचा हंडाही काकाच आणतात.

परवा ते नळाजवळच्या शेवाळावरून घसरून हंड्यासकट आडवे झाले. काकूंनी धावत जाऊन पदर खोचला, एका हाताने काकांना उभं केलं, हंडा पुन्हा काठोकाठ भरून कमरेवर घेतला आणि "तुमचंबी हार्मोन गेलं जनू!" म्हणत तरातरा निघाल्या.

वाटेत मी दिसले. हंडा लगेच काकांच्या खांद्यावर गेला आणि काकू कंबर धरून कण्हायला लागल्या.