कॉरिडॉरमधला बांबू

सिंगापूरमधल्या सेंगकांगच्या आमच्या मजल्यावर समोरची चिनी शेजारीण माझी होती. 'माझी' हाच शब्द खरा. आठ वर्षं माझ्या चकल्या तिच्या घरी, तिचे मूनकेक माझ्या घरी. तिची सुनेबद्दलची गाऱ्हाणी माझ्याशिवाय कुणाच्याच कानावर जात नसत.

मग कोपऱ्यातल्या फ्लॅटमध्ये एक जपानी बाई राहायला आली. नवरा तुआसच्या कारखान्यात, हिला इंग्रजी जेमतेम. जुलैत तिनं दारापुढच्या कुंडीत बांबूची फांदी रोवली, रंगीत कागदाच्या पट्ट्या कापल्या आणि आम्हा दोघींना बोलावलं. सातव्या महिन्याच्या सात तारखेला पट्टीवर इच्छा लिहून बांबूला बांधायची, असं तिनं खाणाखुणा करून सांगितलं. फोनवर चित्रही दाखवलं. आकाशगंगेच्या अलीकडे विणकाम करणारी मुलगी, पलीकडे तिचा गुराखी, आणि वर्षातून एकदाच भेट.

"अगं, ही तर आमचीच गोष्ट!" शेजारीण ओरडली. "आमच्याकडूनच गेली त्यांच्याकडे. फक्त आम्ही चंद्राच्या पंचांगानं पाळतो, ऑगस्टच्या सुमारास."

"आमचे सणही तसेच असतात," मी म्हणाले. कुणी ऐकलं नाही. शेजारणीनं कागदावर काहीतरी खरडलं. जपानी बाईनं ते वाचलं आणि खाली उत्तर लिहिलं. दोघींना एकमेकींची भाषा येत नव्हती, पण बरीचशी अक्षरं सारखी निघाली. कागद भरत गेला आणि दोघी खिदळत राहिल्या. मी आठ वर्षं मोडक्यातोडक्या इंग्रजीत जे कमावलं, ते हिनं दहा मिनिटांत पेन्सिलीनं कमावलं. माझ्या अंगाचा नुसता तिळपापड झाला.

मीही एक पट्टी ओढली आणि मराठीत लिहिलं, 'हिच्या नवऱ्याची बदली होऊ दे.' तिथं वाचणारं होतं कोण! जपानी बाईनं माझ्या अक्षराचं कौतुक केलं आणि पट्टी सगळ्यात वर बांधली. लाज वाटली, नाही असं नाही. पण ती सोडून घ्यावीशी वाटली नाही.

पुढे दोघी बाजारालाही बरोबर जायला लागल्या. मी दाराच्या जाळीतून बघायची आणि पोळ्या करपवायची.

मार्चमध्ये खरोखरच बदली झाली. टॅक्सी गेल्यावर शेजारीण लिफ्टपाशी उभी राहून रडली. मुलगा-सून वेगळे झाले तेव्हाही ती रडली नव्हती. मी तिच्या पाठीवर हात फिरवत होते आणि मनात तेच: मी गेले तर ही इतकी रडेल?

"तू काय लिहिलं होतंस गं पट्टीवर?" तिनं डोळे पुसत विचारलं.

"सगळ्यांना आरोग्य लाभो," मी थाप मारली.

"माझी पट्टी तर फुकट गेली. मी लिहिलं होतं, आपल्या तिघींपैकी कुणीच हा मजला सोडून जाऊ नये."

जपानी बाईनं ते तेव्हाच वाचलं असणार. मला वाचता आलं नव्हतं.