रविवारची शेगडी आणि दुसरं मीटर

"वरच्या मजल्यावरच्या एसीमुळे आमचा खालचा पंखासुद्धा महाग झालाय. हो की नाही, एवढंच सांगा साहेब."

विश्वासरावांनी बिल माझ्या टेबलावर उलगडून ठेवलं आणि माझाच पेपरवेट उचलून त्याच्यावर ठेवला. शेजारच्या खुर्चीत त्यांचा धाकटा भाऊ अजित मान खाली घालून बसला होता. दोघांना एकत्र आलेलं पाहूनच मी ओळखलं, बिलाचं भांडण घरात मिटलं नाही म्हणून ऑफिसात आणलंय. उन्हाळ्याचं बिल आलं की आमच्याकडे अशी जोडपी, भाऊ, सासरे-जावई सगळे यायचे.

मी तेव्हा बडोद्याच्या दक्षिण भागातल्या एका सब-डिव्हिजनला डेप्युटी इंजिनिअर होतो. विश्वासराव मकरपुऱ्याच्या एका कारखान्यात सुपरवायझर. आजोबा-पणजोबा संस्थानच्या फौजेत होते, त्यामुळे आवाज अजून परेडचा. तरसालीत त्यांचं दोन मजली घर. खाली विश्वासराव आणि सुमनवहिनी, वर अजित आणि त्याची बायको हेतल. हेतल गुजराती, कॉलेजात असताना जमलेलं. ती एका कंपनीचं काम घरूनच कॉम्प्युटरवर करायची. तिच्या खोलीवर थेट अगाशी, म्हणजे गच्ची. मे महिन्यात त्या खोलीत काय होत असेल हे बडोद्यात राहणाऱ्याला सांगायला नको. म्हणून एसी. स्वयंपाक मात्र खाली, सगळ्यांचा एकत्र.

"हो किंवा नाही असं उत्तर नसतं," मी म्हणालो. "बिलात चार गोष्टी आहेत. त्या ऐकणार असाल तर सांगतो."

"ऐकायलाच रजा टाकलीय."

मी पेन्सिल घेतली. पहिला, फिक्स्ड चार्ज. आम्ही तुमच्या दारापर्यंत लाइन आणून ठेवलीय. केव्हाही बटण दाबलं तरी दिवा लागला पाहिजे. तुम्ही दाबा, न दाबा, लाइन तयार ठेवण्याचं ते भाडं. घराचा मंजूर लोड जेवढा, तेवढं भाडं.

"म्हणजे घराला कुलूप असलं तरी?"

"तरीही."

"जबरदस्ती आहे ही," विश्वासराव म्हणाले.

तिसरा सांगतो, दुसरा मुद्दाम शेवटी. तिसरा फ्युएल चार्ज. कोळसा आणि गॅस महागला की वीज बनवायला जास्त खर्च येतो, तो प्रत्येक युनिटवर लागतो. तुमचं बिल वाढलं त्यातला बराच भाग हा. चौथी इलेक्ट्रिसिटी ड्युटी. तो सरकारचा कर, आम्ही फक्त गोळा करतो, शिव्या मात्र आम्हीच खातो.

आता दुसरा, एनर्जी चार्ज. वापरलेल्या युनिटचे पैसे. यात स्लॅब असतात. पहिले काही युनिट स्वस्त, पुढचे जरा महाग, त्यापुढचे आणखी महाग. लोकांचा हमखास गैरसमज असा, की वापर वरच्या स्लॅबमध्ये गेला की सगळेच युनिट त्या महाग भावाने लागतात. तसं होत नाही. महाग फक्त वरचे. जेवणाच्या लॉजमध्ये थाळीचा एक भाव असतो, वर मागवलेल्या श्रीखंडाचा वेगळा. श्रीखंड मागवलं म्हणून थाळी महाग होत नाही.

विश्वासरावांनी बिलावरच्या आकड्यांवरून बोट फिरवलं. "म्हणजे आमचा पंखा, फ्रिज, टीव्ही, हे स्वस्तातच राहिले?"

"त्यांना धक्कासुद्धा लागलेला नाही."

"अरे!" ते मोठ्याने हसले आणि भावाच्या पाठीत थाप मारली. "मग मी उगाचच बोलत होतो की तुम्हाला!"

मला वाटलं, मिटलं. चहा मागवावा म्हणून मी बेलकडे हात नेला. तेवढ्यात अजितने पहिल्यांदा मान वर केली.

"गेल्या उन्हाळ्यापासून बोलतोयस, दादा. रोज जेवताना बोलतोयस. तू घरी असलास की हेतल एसी बंद ठेवते. ओला नॅपकिन मानेवर टाकून काम करते. तुला माहीत आहे का?"

विश्वासरावांचा हात भावाच्या पाठीवरच राहिला. परेडचा आवाज कुठे गेला कोण जाणे. "मला कुणी सांगितलं नाही रे," एवढंच म्हणाले.

अजित माझ्याकडे वळला. "साहेब, एका घरात दुसरं मीटर मिळतं का?"

मिळतं, पण सरसकट नाही. कारण उघड आहे. दोन मीटर म्हणजे स्वस्त स्लॅब दोनदा मिळणार. मग प्रत्येक खोलीला एक मीटर मागायला लोक रांग लावतील. म्हणून आम्ही बघायचो, की राहणारं कुटुंब खरंच वेगळं आहे का. आणि वेगळेपणाची मुख्य खूण म्हणजे स्वतंत्र स्वयंपाकघर. आमच्या खात्याच्या लेखी चूल वेगळी तर घर वेगळं. हे सांगून मी पुढे म्हणालो, "पण त्यात फार काही हाती लागणार नाही. फिक्स्ड चार्ज दोनदा भराल. कशाला त्या फंदात पडता?"

"पडू की!" विश्वासराव एकदम सरसावून बसले. "फिक्स्ड लागला तर लागू दे. घे दुसरं मीटर, अजित. हेतलला म्हणावं, हवा तेवढा एसी लाव, कुणी विचारणार नाही. साहेब, स्वयंपाकघराचं मी बघतो."

चूक सुधारण्याची घाई झालेला माणूस कसा दिसतो ते मी त्या दिवशी पाहिलं. त्यांना वाटत होतं, आपण भावजयीला काहीतरी देतोय. अजितने फॉर्म घेतला आणि दोघं स्कूटरवर डबलसीट निघून गेले.

तपासणीला खरं तर ज्युनिअर इंजिनिअर जातो. पण विश्वासरावांनी दोनदा फोन करून आग्रह केला. "साहेब, तुम्हीच या, घरचा चहा घ्यायला." गेलो. दारातच सुमनवहिनींनी "या या, केम छो?" म्हणून स्वागत केलं. बडोद्यातल्या मराठी घरात स्वागत असं दोन भाषांत होतं. खालच्या स्वयंपाकघरात एका परातीत थेपल्यांचं पीठ होतं, शेजारी भाकरीचं. हेतल थेपले लाटत होती, वहिनी भाकरी थापत होत्या. लाटणारीचा कोपर थापणारीला लागत होता, आणि दोघींना त्याचं भानही नव्हतं.

"वर चला, वर," विश्वासराव घाई करत होते.

वरच्या मजल्यावर गॅलरीच्या कोपऱ्यात एक नवा कडप्प्याचा ओटा बांधला होता. त्यावर दोन बर्नरची गॅसची शेगडी, खाली सिलिंडर, भिंतीवर चार डबे. शेगडी जुनी होती. बर्नरभोवती काळे तेलकट थर.

"ही आमची रविवारची शेगडी," विश्वासराव अभिमानाने म्हणाले. मग त्यांनी सांगितलं ते असं. त्यांच्या घरात रविवारी मटण होणार म्हणजे होणारच. हेतल शाकाहारी. लग्न होऊन ती घरात आली त्याच आठवड्यात विश्वासरावांनी स्वतः मागच्या अंगणात पत्र्याची शेड घातली आणि ही शेगडी मांडली. तेव्हापासून मटण तिथे. भांडी वेगळी, पळी वेगळी. सुमनवहिनी भर उन्हात पत्र्याखाली उभ्या राहून रस्सा करायच्या, पण आतल्या ओट्यावर त्यांनी कधी मटण येऊ दिलं नाही. हेतलने असं मागितलंही नव्हतं. मागायच्या आधीच झालं होतं.

"तीच वर आणून ठेवली. धुवून घेतलीय चांगली," ते म्हणाले. "आता झालं ना साहेब, स्वतंत्र स्वयंपाकघर?"

मी मागे पाहिलं. जिन्यात दोघी जावा येऊन उभ्या होत्या. हेतलच्या हाताला अजून पीठ होतं. ती त्या शेगडीकडे बघत होती. शेगडी वर आणल्याचं तिला माहीत होतं की नव्हतं, मला आजवर कळलेलं नाही. पण तिच्या चेहऱ्यावर जे होतं ते एसी मिळाल्याचं समाधान नव्हतं. आपल्याला चूल काढून दिलीय, असं तिला वाटलं असावं. आणि तिच्यामागे उभ्या असलेल्या वहिनींना वाटलं असावं, हिनेच मागून घेतली.

मला नियमाचा प्रश्न विचारणं भाग होतं. "इथे रोज स्वयंपाक होतो का?"

"होतो होतो!" विश्वासराव म्हणाले.

"राहणाऱ्यांनी सांगायचं असतं."

हेतलने वहिनींकडे पाहिलं. एक शब्द पुरला असता. "छे, काहीतरीच," एवढं वहिनी म्हणाल्या असत्या तरी ती हसली असती, मी खाली जाऊन चहा प्यायलो असतो आणि फॉर्म फाडून टाकला असता. वहिनी पदराचं टोक बोटाला गुंडाळत राहिल्या.

"हा, थाय छे," हेतल म्हणाली. मग हाताचं पीठ झटकत म्हणाली, "आजथी."

होतो, आजपासून. मी स्वतंत्र स्वयंपाकघर आढळल्याचा रिपोर्ट दिला. तो खोटा ठरला असता तर मला फार आनंद झाला असता. पण त्याच संध्याकाळी वर कुकरची शिट्टी वाजली, असं विश्वासरावांनीच मला नंतर सांगितलं. सांगताना हसायचा प्रयत्न करत होते.

मीटर लागलं. बिलात थोडा फरक पडला, मी म्हटलं होतं तेवढाच. पुढे वर फ्रिज आला. मग बाहेरून लोखंडी जिना झाला, म्हणजे वर जायला खालच्या हॉलमधून जायला नको. भांडण कधीच झालं नाही. भांडण झालं असतं तर कुणी मध्ये पडून मिटवलं तरी असतं. इथे सगळे एकमेकांशी नीट बोलत होते, आणि पुढच्या दिवाळीनंतर अजित-हेतल शहराच्या दुसऱ्या बाजूला, गोत्रीला फ्लॅट घेऊन राहायला गेले.

मी निवृत्त व्हायच्या थोडं आधी विश्वासराव पुन्हा ऑफिसात आले. एकटेच. बिल उलगडून ठेवलं, पेपरवेट ठेवला.

"वरच्या मीटरचं बिल. वर कुणी राहत नाही. युनिट शून्य. मग हे काय लावलंय?"

"फिक्स्ड चार्ज."

"हां हां, आठवलं. बटण दाबलं की दिवा लागला पाहिजे."

"अर्ज द्या, मीटर काढून घेतो. बिल बंद होईल."

त्यांनी अर्ज मागितला, खिशातून पेन काढलं. मग विचारलं, "आणि कधी परत लागलं तर?"

"नवा अर्ज, नवी तपासणी. स्वयंपाकघर दाखवावं लागेल."

"शेगडी आहे की वर. सुमन पुसून ठेवते अधूनमधून."

"आणि रविवारचं मटण?" मी विचारलं. विचारायला नको होतं.

"आता आतच शिजतं, साहेब. बाहेर कुणासाठी शिजवायचं?" त्यांनी पेन पुन्हा खिशाला लावलं आणि अर्ज माझ्याकडे सरकवला. "राहू दे. लाइन चालू राहू दे."

ते बिल भरायच्या खिडकीकडे गेले. मला फार वाईट वाटलं, आणि करण्यासारखं माझ्या हातात काहीच नव्हतं.

आता मी रावपुऱ्यात घरी असतो, तरी ओळखीचे लोक बिल घेऊन येतात. चारही गोष्टी समजावून सांगतो, श्रीखंडासकट. कुणी दुसऱ्या मीटरचा विषय काढला, की आधी विचारतो, घरात चहा किती ठिकाणी होतो. एकाच ठिकाणी होत असेल तर सांगतो, वरच्या स्लॅबचे पैसे भरा. तेच स्वस्त पडतं.