वन्संचा चमचा

माझ्या नणंदबाई बॅगा दुरुस्त करतात. आमच्या घराखाली रस्त्याच्या बाजूला जी अरुंद खोली आहे, तेच त्यांचं दुकान. खिडकीपाशी मशीन, भिंतीवर खिळ्यांना लटकवलेले पट्टे, आणि बिस्किटांच्या जुन्या डब्यांत बकलं, हुक, चेनचे रनर. गिऱ्हाईक आलं की वन्सं फाटलेली जागा बघत नाहीत. आधी बॅग हातात उचलून बघतात. "एवढं काय कोंबता हो हिच्यात? पट्ट्याचा बिचाऱ्याचा काही दोष नाही," असं तोंडावर सांगून मोकळ्या होतात. लोक हसतात आणि पुढच्या वेळी पुन्हा त्यांच्याकडेच येतात.

ह्यांची ही थोरली बहीण. लग्न केलं नाही, आणि का केलं नाही हे आमच्या घरात कुणी विचारत नाही. डोंगराचं वेड त्यांना पन्नाशीच्या आसपास लागलं, तेही दुकानात बसल्या बसल्या. एक बाई फाटका तंबू घेऊन आल्या. वन्संनी तो शिवला, पण शिवलेली वस्तू उभी कशी राहते ते बघितल्याशिवाय त्यांना चैन पडेना. "मला घेऊन चला, टाका सुटला तर तिथल्या तिथे घालीन," म्हणाल्या. टाका काही सुटला नाही, पण वन्सं मात्र अडकल्या त्या कायमच्या.

त्या बाई म्हणजे डोंगर चढणाऱ्या एका गटाच्या कॅप्टन. मोठ्या दवाखान्यात नर्स होत्या, आता निवृत्त आहेत. गट सगळा बायकांचाच. वन्सं किडकिडीत, आणि बोलणं टोचरं, म्हणून तिथे त्यांना सुईताई म्हणतात. गटात नियम एकच: पाठीवरच्या पिशवीत जी वस्तू जाईल तिने निदान दोन कामं केली पाहिजेत. निघण्याआधी सगळ्यांच्या पिशव्या चटईवर रिकाम्या होतात आणि कॅप्टन एकेक वस्तू उचलून विचारतात, "ही दुसरं काय करते?" उत्तर नाही आलं तर वस्तू घरी.

वन्संना हा नियम असा मानवला, जणू त्यांच्यासाठीच केलाय. त्यांचा पत्र्याचा मग म्हणजेच पातेलं. मगाचं झाकण म्हणजे ताटली, आणि उलटं धरलं की तवा. डोक्याला बांधायचा रुमाल गरम मग धरायला, आणि तोच पाणी गाळायला. वर्षानुवर्षं त्या हीच जमवाजमव करत आल्या. घरातसुद्धा कुठलंही नवीन भांडं दिसलं की उलटंसुलटं करून बघायच्या. हे एकदा म्हणाले, "ताई, उद्या तू मलाही विचारशील, दुसरं काय काम करतोस?"

"पहिलं कुठलं करतोस ते आधी सांग," वन्सं म्हणाल्या.

अशी ही बाई अलीकडे आमच्याबरोबर जेवायला बसेनाशी झाली. "तुम्ही बसा, मी वाढते." "आत्ता भूक नाही." "मशीनवर काम राहिलंय, ताट झाकून ठेव." मला आधी वाटलं, माझं काही चुकलं असेल. मग एका दुपारी ताट घेऊन खाली गेले, तर दार लोटलेलं होतं. फटीतून दिसलं. वन्सं भाताचा घास तोंडाकडे नेत होत्या आणि हात असा थरथरत होता, की तोंडापर्यंत अर्धाही पोचत नव्हता. मांडीवर टॉवेल पसरलेला. मी पाऊल न वाजवता परत फिरले. जिन्यात देवाचं नाव घेतलं आणि मग खालच्या पायरीवरून मोठ्याने हाक मारली, म्हणजे त्यांना टॉवेल उचलायला वेळ मिळावा.

शेवटी त्यांनीच सांगितलं. डॉक्टरकडेही एकट्याच जाऊन आल्या होत्या. जिवाला धोका नाही, पण हे बरं होणारं नाही, असं ते म्हणाले. गोळ्यांनी इतकी झोप यायची, की एकदा बोट मशीनच्या सुईखाली जाता जाता राहिलं. मग डॉक्टरांनाच विचारून त्या बंद केल्या.

"हाताचं मला काही नाही गं," त्या म्हणाल्या. "मशीनवर कापड दाबून धरलं की तो गप्प बसतो. पण जेवताना... लहान मूल जेवल्यासारखं होतं. चार लोकांत नाही बसवत मला."

आणि नेमकं तेव्हाच गटाचं मोठं जाणं ठरलं होतं. उंचावरची ती बर्फाळ रांग, जिचं चित्र मशीनच्या वर कित्येक वर्षं चिकटवलेलं आहे. वन्सं दर वेळी म्हणायच्या, तिथे एकदा जाऊन आले की मग मला काही मागायचं नाही. जाण्याआधी तळ्याकाठी एक मुक्काम करायचा, तिथे सगळ्यांनी आपापलं वाहायचं, आपापलं शिजवायचं, एकत्र बसून जेवायचं. कोण वर येणार ते कॅप्टन तिथेच ठरवणार.

"मी गुडघा दुखतो म्हणून सांगणार आहे," वन्सं म्हणाल्या. त्यांचे गुडघे माझ्यापेक्षा धडधाकट.

हे ऐकून ह्यांच्या अंगात आलं. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी एक छोटी डबी घेऊन आले. आत चमचा. एकाच दांड्याला पुढे खोलगट चमचा आणि त्यालाच काट्याचे दात, बाजूला कापायची धार. धातू कसला तरी परदेशी. "बघ ताई, तीन कामं! आणि वजन? हातात आहे की नाही तेच कळत नाही. दुकानातला सगळ्यात हलका आणला."

हलक्या वस्तूचं आमच्या घरात इतकं कौतुक, की आम्हाला कुणालाच शंका आली नाही. मी मुद्दाम सूप केलं. वन्संनी चमचा भरला, उचलला, आणि तो पिसासारखा चमचा नुसता नाचायला लागला. सूप ह्यांच्या शर्टावर, चष्म्यावर, खिडकीच्या पडद्यावर. घरातल्या साध्या चमच्याने कधी झालं नव्हतं इतकं.

ह्यांनी चष्मा पुसायला घेतला. मग वन्सं म्हणाल्या, "चौथं काम सांगितलं नाहीस रे. शिंपडायचं."

हसल्या, पण ताट पुढे सारून उठल्या.

त्यानंतरचे दिवस आमच्या जेवणाच्या टेबलावर चमच्यांचं प्रदर्शनच लागलं. खोल, पसरट, घडीचा, लाकडी. हाताने खाऊन बघितलं, तर ते मी फटीतून बघितलंच होतं, आणि वर त्या थंडीत हातमोजे काढून कोण जेवणार? पत्र्याचा मग दोन्ही हातांनी धरून प्यायला मात्र जमायचं. मी म्हटलं, "पातळच करून न्या की सगळं." तर म्हणाल्या, "अगं, सूप पिऊन जिना चढवत नाही, डोंगर काय चढणार?"

मी चहा घेऊन खाली गेले होते, तेव्हाची गोष्ट. वन्सं कॅनव्हास कापत होत्या. त्यांची ती जुनी लोखंडी कात्री, मला दोन हातांनी उचलावी लागते अशी. कात्री हवेत उचललेली होती, कापडाला टेकलेलीसुद्धा नव्हती, आणि हात स्थिर.

"वन्सं, आत्ता हात कसा काय शांत आहे?"

त्यांनी हाताकडे बघितलं. कात्री खाली ठेवली आणि खडू उचलला. खडू थरथरला. खडू ठेवून कात्री उचलली. हात गप्प. असं त्यांनी पुन्हापुन्हा केलं. मग उठल्या, माझ्या स्वयंपाकघरात आल्या आणि भांड्यांच्या घोळातून वाढायचा सगळ्यात जड डाव काढला, भरीव दांड्याचा. उकडलेल्या बटाट्याच्या फोडी त्याच्यात घेतल्या आणि उभ्या उभ्या खाल्ल्या. डाव तोंडात मावेना, पण एक फोड खाली पडली नाही. मला रडू आलं. त्या मात्र डाव धुऊन जागेवर ठेवायला लागल्या.

"अहो, ठेवता काय? मिळाला ना उपाय!"

"एवढं धूड डोंगरावर न्यायचं? आणि काम एकच?"

हे वैतागले. "ताई, तुझ्यासाठी तेवढा नियम सोडतील त्या."

"माझ्यासाठी सोडायचा असेल तर मी जात नाही," वन्सं म्हणाल्या, आणि विषय संपला.

म्हणजे आम्हाला वाटलं संपला. त्यांच्या डोक्यात तो चालूच होता. दुकान बंद केलं की पिशवी रिकामी करून बसायच्या आणि एकेक वस्तू तळहातावर तोलायच्या. चमचा हलका चालत नाही, आणि जड नेता येत नाही. मग जे जड आहे आणि तसंही न्यावंच लागणार आहे, असं काय आहे? पाण्याची बाटली हातात मावेना. तंबूचा हातोडा कॅप्टनकडे असतो. राहिली बॅटरी. जाड धातूची, आत सेल भरलेली, मुठीत नीट बसणारी. तिच्याशिवाय तर वर कुणी जाऊच शकत नाही.

वन्संनी बॅगेच्या पट्ट्याचा तुकडा घेतला, त्याला इलॅस्टिक लावलं आणि बॅटरीच्या मापाची घट्ट खोळ शिवली. खोळीला बाजूने एक चिंचोळा कप्पा. त्यात ह्यांच्याच त्या पिसासारख्या चमच्याचा दांडा सरकवला. चमचा बॅटरीच्या मागच्या टोकाकडून बाहेर, काच दुसरीकडे. संध्याकाळी जेवायला आल्या आणि ह्यांच्या समोरच्याच खुर्चीवर बसल्या.

"शर्ट बदलून येऊ का?" ह्यांनी विचारलं.

"बस गुमान. तुझ्या चमच्याला नोकरी लागली."

थोडं सांडलं. कुणाचं सांडत नाही?

पण घरात जेवणं वेगळं आणि गटात वेगळं. तळ्याकाठच्या मुक्कामाला घरच्यांना येता येत होतं, म्हणून मी बरोबर गेले. वाटेत बसमध्ये वन्सं पिशवी मांडीवर घेऊन तिचा पट्टा नुसता चाचपत होत्या. मी मनातल्या मनात स्तोत्र म्हणत होते, आणि मध्येच ओळ विसरत होते.

चटई अंथरली गेली. कॅप्टन ठेंगण्या, केस बारीक कापलेले, आवाज असा की तळ्यावरचे पक्षी उडावेत. एकीचा आरसा घरी गेला, एकीची जादा चप्पल घरी गेली. मग त्या वन्संच्या सामानापाशी आल्या. पत्र्याचा मग, झाकण, रुमाल. आणि ती खोळ. त्यांनी उचलून फिरवून बघितली.

"सुईताई, हे काय नवीन?"

वन्सं म्हणू शकल्या असत्या, की काही नाही, चमचा हरवू नये म्हणून. मीही मनात तेच उत्तर तयार ठेवलं होतं. त्यांनी एकदा माझ्याकडे बघितलं.

"माझा हात थरथरतो," त्या म्हणाल्या. सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात. "हलका चमचा धरवत नाही. हातात वजन लागतं. जास्तीचं वजन आणायचं नव्हतं, म्हणून बॅटरीचंच घेतलं."

कॅप्टननी खोळीतून चमचा काढला, परत घातला, बॅटरी लावून बघितली, विझवली.

"दोन कामं करते. राहू दे," म्हणाल्या आणि पुढच्या पिशवीकडे वळल्या. वळता वळता थांबल्या. "मागच्या वेळी तू दोन्ही दिवस जेवली नाहीस. सगळ्यांना वाढत फिरलीस. मला दिसलं नाही असं वाटलं का तुला? उपाशी माणूस मी वर नेत नाही. आज तू लपवलं असतंस तर तुझं नाव काढणारच होते."

इतके दिवस आम्ही सांडण्याला भीत होतो, आणि धोका निराळाच होता.

"मग आता?" वन्संनी विचारलं.

"आता काय? जेवताना बघू."

ऊन कलल्यावर सगळ्या गोल करून बसल्या. शेगड्यांवर नूडल्स शिजल्या, त्यात जिने तिने आणलेल्या भाज्या पडल्या. वन्संनी आपल्या मगात शिजवलं, झाकणात ओतून घेतलं आणि खोळ हातात घेतली. गप्पा चालू होत्या, पण मला माहीत आहे, सगळ्यांचं अर्धं लक्ष तिकडेच होतं. पहिला घास गेला. दुसरा गेला. तिसऱ्याला एक नूडल घसरून गुडघ्यावर पडली. वन्संनी ती उचलली, बघितली आणि खाऊन टाकली.

तेवढ्यात त्यांच्या अंगठ्याने बॅटरीचं बटण दाबलं गेलं. शेजारच्या बाईंच्या डोळ्यांवर लख्ख उजेड.

"अहो सुईताई! तुमच्या प्रत्येक घासाला माझा फोटो निघणार आहे का?"

"तोंड तरी हसरं ठेवा मग," वन्सं म्हणाल्या.

अशा काही हसल्या सगळ्या, की एकीचा मग कलंडला. तिची अर्धी शेगडी भरली सुपाने, आणि वन्संकडे बघायला कुणाला सवडच उरली नाही. त्या आपल्या शांतपणे जेवत होत्या. झाकण पुसून झालं तसं त्यांनी ते कॅप्टनच्या पातेल्याकडे पुढे केलं.

"उरलंय का काही?"

कॅप्टननी भरून वाढलं. "जड बूट घेऊन ठेव," म्हणाल्या. "वर बर्फ आहे."

वन्संनी मान हलवली. बोलता येत नव्हतं, तोंडात घास होता. डोळे भरून आले असतील तर ते मला दिसलं नाही, कारण माझेच भरले होते. मग त्या माझ्याकडे वळल्या.

"तू काय माझ्या तोंडाकडे बघत बसलीस? जेव की. गार झालं सगळं."